वसंतसेनेला न्याय मिळतो तो कुठल्या अंकात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. शहाद्याकडच्या एका महाविद्यालयात तुम्ही देवलांचं 'संगीत मृच्छकटिक' बसवताय आणि ते पावणेदोन तासांत आटोपायचं आहे. 'न्याय आणि स्वीकार' हे नाटकाचं सूत्र प्रेक्षकांपर्यंत पोचलं पाहिजे, असं तुमच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलंय. पण तालमीत मुलींनी तीन हरकती घेतल्या. गणिका वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आळ आलेला, तिचा प्रियकर चारुदत्त सुटतो तो राजा बदलला म्हणून, त्यात न्याय कसला? ज्यानं वसंतसेनेचा गळा दाबला तो राजाचा मेहुणा शकार माफी घेऊन चालता होतो. आणि वसंतसेनेला नवा राजा 'वधू' ही पदवी देतो, म्हणजे लग्नाचा शिक्का बसला तरच ती स्वीकारायच्या लायकीची. तेव्हा शेवट बदलू का, असं तुम्ही विचारताय.

मुलींच्या तिन्ही हरकती खऱ्या आहेत, त्यांना गप्प करू नका. धुळे-जळगावकडे गेली तीसेक वर्षं मी हौशी नाटकं बसवतोय, त्यात हे नाटक तीनदा बसवलं. पहिल्या वेळी मी शेवट बदलला होता. माझ्या प्रयोगात शकाराला शिक्षा झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं की जमलं. रंग पुसता पुसता वसंतसेनेचं काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "दादा, शेवटच्या दहा मिनिटांत मी कुठे होते?" मी संहिता उघडून पाहिली. शकाराचं काय करायचं ते नव्या राजाचा साथीदार शर्विलक, चारुदत्त आणि नवा राजा मिळून ठरवत होते. जिचा गळा दाबला ती कोपऱ्यात उभी होती. शेवट बदलूनही तिला मी काहीच दिलं नव्हतं. तेव्हापासून हे नाटक मी शेवटाकडून वाचणं सोडलं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. गाणारी मुलं किती आहेत, पेटी-तबल्याची साथ रोज तालमीला मिळते की फक्त रंगीत तालमीला, प्रयोग सभागृहात आहे की मैदानावर मंडप घालून, यावर पदं किती ठेवायची ते ठरेल. दुसरं म्हणजे, देवलांची छापील प्रत आणि शूद्रकाचं मूळ दहा अंकी संस्कृत नाटक, दोन्ही टेबलावर ठेवा. मूळ नाटकाची मराठी भाषांतरं ग्रंथालयात मिळतात. मी खाली बोलणार आहे ते बहुतेक मूळ नाटकाच्या आधारानं. कुठला तपशील तुमच्या प्रतीत नसेल आणि तो घ्यावासा वाटला, तर तसं करून बदललेली संहिता वेळेत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवा. आयत्या वेळी वाक्यं घुसवू नका.

आता मुद्द्याचं. न्याय आणि स्वीकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तुम्ही धरलंय असं मला वाटतं. न्याय म्हणजे न्यायसभेचा प्रवेश, स्वीकार म्हणजे शेवटचं लग्न. म्हणून शेवट पोकळ वाटतो. मला तीन वेळा बसवल्यावर जे दिसलं ते असं, की या नाटकात न्याय चुकतो तोच मुळी स्वीकार कमी पडल्यामुळे. आणि याचा पुरावा नाटककारानं एका गाठोड्यात बांधून रंगमंचावर फिरवला आहे. ते गाठोडं म्हणजे वसंतसेनेचे दागिने.

मातीच्या गाडीचा प्रसंग नीट आठवा. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडतोय. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्यानं पाहिली आहे आणि याच्या हातात मातीची. दासी रदनिका त्याला वसंतसेनेपाशी आणते आणि म्हणते, ही तुझी आई. पोरगं सरळ म्हणतं, खोटं, आई असती तर हिच्या अंगावर दागिने कसे? त्याच्या आईच्या अंगावर दागिने उरलेले नाहीत हे त्याला ठाऊक आहे, तेवढंच. वसंतसेना रडते, अंगावरचे दागिने उतरवते आणि त्या मातीच्या गाडीत भरते. आता मी तुझी आई झाले, म्हणते. नाटकाचं नाव या प्रसंगावरून आहे आणि ते उगाच नाही. स्वीकाराची खरी घटना इथे घडते. तिथे ना राजा आहे, ना नवरा, ना पदवी. एका मुलानं नाकारलं, तिनं स्वतःला उघडं केलं आणि ती आई झाली.

पुढे तेच दागिने चारुदत्ताचा मित्र मैत्रेय परत करायला निघतो. वाटेत त्याला चारुदत्तावरच्या खटल्याची बातमी लागते, तो न्यायसभेत येतो, शकाराशी त्याची झटापट होते आणि दागिने सगळ्यांसमोर खाली पडतात. खून झाला म्हणतात त्या बाईचे दागिने आरोपीच्या मित्राच्या काखेतून पडले. पुरावा पुरा झाला. ज्या वस्तूनं वसंतसेना त्या घराची झाली, त्याच वस्तूनं त्या घराचा कर्ता सुळावर जायची वेळ येते.

न्यायाधीश विचारतात, हे दागिने तिचेच ना? चारुदत्त हो म्हणतो. मग ते तिच्या अंगावरून निघाले कसे? याचं उत्तर एका वाक्याचं आहे. "तिनं माझ्या मुलाच्या गाडीत भरले, कारण तो तिला आई म्हणायला तयार नव्हता." हे वाक्य तो बोलत नाही. काहीतरी मोघम पुटपुटतो. त्याआधी त्याला विचारलेलं असतं की ही गणिका तुमची मैत्रीण आहे का, तेव्हाही तो लाजतो. कसं सांगू म्हणतो, आणि मग जे सांगतो ते असं, की यात अपराध माझ्या तारुण्याचा, चारित्र्याचा नव्हे. या वाक्यावर तुमच्या मुलामुलींना एक अख्खी संध्याकाळ बोलू द्या. ज्या बाईनं त्याच्या पोराच्या गाडीत आपलं सगळं ओतलं, तिच्याबद्दलचं प्रेम तो भर सभेत 'अपराध' या शब्दाखाली ठेवतो. चारुदत्त मनानं थोर आहे, त्याला नाटकात कुणी वाईट म्हणत नाही. तरी चारचौघांत तिला आपली म्हणायला त्याची जीभ अडते, आणि त्या अडण्यातून शकाराला हवी तेवढी फट मिळते.

इथे संगीत नाटक असण्याचा मोठा फायदा आहे, तो घ्या. पावसाच्या अंकात हाच चारुदत्त 'तेचि पुरुष दैवाचे' गातो. भिजत आलेली वसंतसेना, बाहेर विजा, आणि हा मोकळ्या गळ्यानं आपल्या भाग्याचं गाणं गातो. ते पद काही झालं तरी कापू नका आणि मुलाला ते पूर्ण ताकदीनं गाऊ द्या, वन्समोअर आला तर घ्या. मग न्यायसभेत त्याला एकही पद देऊ नका. पेटीवाल्याला त्या प्रवेशात हात मांडीवर ठेवून बसायला सांगा. गाण्याची सवय लागलेल्या प्रेक्षकाला ती शांतता टोचते. आमच्या दुसऱ्या प्रयोगात, "दागिने अंगावरून निघाले कसे?" या प्रश्नानंतर मी चारुदत्ताला आठ मोजेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. तिसऱ्या-चौथ्या मोजणीला मागच्या खुर्च्यांवरून एका आजीबाईंचा आवाज आला, "सांग ना रे बाबा!" तो चारुदत्त आजही मला भेटला की ती आठवण काढतो. घरात गाणारा माणूस सभेत मुका होतो, हे प्रेक्षकाला कानानं कळलं पाहिजे. त्यासाठी वेगळं भाषण लिहावं लागत नाही.

त्याच सभेत एक बाई मात्र अडखळून पुन्हा बोलायला लागते, आणि माझ्या मते नाटकातला सगळ्यात मोठा न्यायाचा क्षण तिचा आहे. वसंतसेनेची आई. बहुतेक प्रयोगांत हे पात्र जाडजूड, हसण्यासारखं करून टाकतात. चौथ्या अंकातल्या तिच्या वर्णनामुळे तो मोह होतो, पण न्यायसभेत ती काय करते ते बघा. मुलगी कुणाच्या घरी गेली, असं विचारल्यावर तीही आधी संकोचते. हा कायद्याचा प्रश्न आहे, बोलायला हरकत नाही, असं सांगितल्यावर ती चारुदत्ताचं नाव घेते. आपल्याच तोंडून आपण त्याला अडकवलं हे तिच्या लक्षात येतं. मग दागिने समोर धरून विचारतात, ओळखतेस का? ती म्हणते, सारखे दिसतात, पण ते नव्हेत. आणि शेवटी ती जे म्हणते ते कुठल्याही वकिलाला शोभेल असं आहे. खटला वादी आणि प्रतिवादी यांच्यात चालतो. इथे वादी मी. माझी तक्रार नाही. याला सोडा. मुलगी मेली असेल तर मेली, हा माणूस जगू दे.

लेक मेली असं समजणारी आई, लेकीनं ज्याच्यावर जीव टाकला त्याच्यासाठी सभेशी भांडते. शकार तिला हाकलून देतो आणि सभा ऐकत राहते. तिसऱ्या वेळी आम्ही शिरपूरकडच्या एका गावी प्रयोग केला तेव्हा तिची वाक्यं अहिराणीत घेतली. "फिर्याद मन्ही शे ना? मंग मी सांगस, सोडा त्याले." इतकंच. पुढचं सगळं मराठीत. मंडपात बायका पुढं सरकून बसल्या.

भाषेबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण खानदेशात हे नाटक करताना हा प्रश्न येणारच, म्हणून थोडं थांबतो. मूळ नाटकात पात्रं एका भाषेत बोलत नाहीत. चारुदत्त आणि न्यायाधीश संस्कृतात, बायका आणि विदूषक प्राकृतात, शकाराची स वर श ठोकणारी मागधीच्या वळणाची बोली, जुगाऱ्यांची वेगळी, चांडाळांची वेगळी. म्हणजे बोली वापरणं ही पळवाट नाही, मूळ लेखकाचीच रीत आहे. हबीब तनवीर यांनी १९५८ साली दिल्लीत 'मिट्टी की गाड़ी' केलं तेव्हा छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्याचे कलावंत त्यात घेतले, आणि त्या मंडळींनी हे जुनं नाटक आपल्या अंगणातलं करून टाकलं. आपल्याकडे तमाशा आहे, वहीगायन आहे, कानबाईची गाणी आहेत, ही माणसं तुमच्या तालुक्यात सापडतील. पण एक पथ्य कडक पाळा. अहिराणी फक्त नोकर, जुगारी आणि विदूषक यांच्या तोंडी दिली, की गावाकडचा प्रेक्षक हसता हसता स्वतःलाच हसतो, आणि स्वीकाराचं नाटक उलटं फिरतं. बोली द्यायची तर आईला द्या, रोहसेनाला द्या. चारुदत्ताच्या पत्नीला, धूतेला दिली तर मला सगळ्यात आवडेल. आणि तुमचा प्रयोग पुढे रावेर-यावलकडे गेला, तर तिथं कानाला सवय लेवा गणबोलीची असते. तिकडे वाक्यं तिकडच्या माणसाकडून तपासून घ्या.

आता मुलींची पहिली हरकत, राजा बदलला म्हणून सुटका. हे खरं आहे आणि नाटक ते लपवत नाही. न्यायाधीश चांगला माणूस आहे. त्याला चारुदत्त खुनी वाटत नाही. पण सकाळी शकाराची फिर्याद आज घेणार नाही म्हटल्यावर, मेहुण्याला सांगून तुला काढून दुसरा नेमतो अशी धमकी येते, आणि फिर्याद घेतली जाते. शेवटी तोच न्यायाधीश राजाला कळवतो की शास्त्रानं याला देहदंड नाही, संपत्तीसह हद्दपार करावं. राजा पालक म्हणतो, सुळावर द्या. न्यायसभा फक्त शिफारस करू शकते, हे प्रेक्षकांना दिसू द्या. न्यायाधीशाला खलनायक करू नका, घाबरट विदूषकही करू नका. खुर्चीवरचा सज्जन माणूस कुठे कुठे मान तुकवतो, ते शांतपणे दाखवलं की बास.

आणि मग वधस्थानाकडे नेणारे दोन चांडाळ. त्यांचा संवाद कापायचा मोह होईल, कारण तोवर दीड तास झालेला असतो. कापू नका. त्यातला एक म्हणतो, बापानं मरताना सांगितलं होतं, वध करायची पाळी आली तर घाई करू नकोस. कदाचित कुणी भला माणूस पैसे भरून सोडवेल. कदाचित राजाला मुलगा होईल आणि कैदी सुटतील. कदाचित हत्ती साखळी तोडेल आणि गोंधळात हा पळेल. कदाचित राजाच बदलेल. तुमच्या मुलींना जे खटकलं ते या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. वरचा न्याय आंधळा झाला की खालच्या माणसाच्या हातात उरतं ते फक्त वेळ काढणं. ते दोघं वेळ काढतात, म्हणून वसंतसेना पोचते. राजा बदलणं हा योगायोग खरा, पण तो कामी आला तो या दोघांच्या दिरंगाईमुळे.

याच दोघांच्या तोंडी आणखी एक वाक्य आहे. आम्ही चांडाळ कुळात जन्मलो तरी चांडाळ नव्हे. जे सज्जनाला छळतात ते पापी, तेच चांडाळ. इथं एक काळजी घ्या. हा शब्द आज शिवी म्हणून वापरतात आणि तुमच्या प्रेक्षकांत तो जातीवर झेललेली माणसं बसलेली असतील. मी तिसऱ्या प्रयोगात दोघांना सगळीकडे 'मारेकरी' म्हटलं, आणि तो शब्द फक्त या एका वाक्यात ठेवला, जिथे तो फेकणाऱ्यांकडेच परत जातो. तसंच वीरक आणि चंदनक हे दोन पहारेकरी एकमेकांची जात काढून भांडतात, तो भाग मी अजिबात घेतला नाही. त्यानं हशा मिळतो, पण कुणाच्या जिवावर मिळतो ते मला प्रेक्षकांतले चेहरे पाहून कळलं होतं.

दुसरी हरकत शकाराची. तो पहिल्या अंकापासून लोकांना हसवतो. रावणाला कुंती जशी वश झाली तशी तू मला हो, असली त्याची पुराणं. लोक हसतात, हसू द्या. पण बागेत त्यानं तिच्या गळ्याला हात घातला की त्यानंतर त्याच्या एकाही वाक्यावर हशा येता कामा नये. नटाला सांगा, बोलण्याची ढब तीच, विनोदाची जागा मात्र मारायची नाही. न्यायसभेत तीच ढब भीतीदायक वाटते. आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. संस्कृत नाटकांत शकार म्हणजे राजाच्या लग्नाशिवायच्या बायकोचा भाऊ. म्हणजे ज्या नात्यामुळे चारुदत्ताला सभेत वसंतसेनेचं नाव घ्यायलाही लाज वाटते, तसल्याच नात्यावर हा मिरवतो. राजवाड्यात ते नातं चालतं, गावात चालत नाही.

त्याला माफी मिळते हे मात्र मी आता बदलत नाही. मूळ नाटकात एक सूचना आहे, ती मला पहिल्या प्रयोगाच्या वेळी दिसलीच नव्हती. वसंतसेना चारुदत्ताच्या गळ्यातली वधाची माळ काढते आणि शकाराच्या अंगावर फेकते. शब्द नाही, नुसती कृती. निकाल तिनं दिला आहे. त्यानंतर चारुदत्त म्हणतो, याला शस्त्रानं मारू नका, उपकारानं मारा. तो बोलतो ते थोर आहे, पण तिला विचारून बोललेला नाही. मी काय केलं ते सांगतो. माळ फेकल्यावर वसंतसेना शकारावर नजर ठेवून उभी. जमाव मारा मारा ओरडतोय. चारुदत्त बोलायला तोंड उघडतो आणि थांबतो, तिच्याकडे बघतो. ती लगेच मान हलवत नाही. जमावाचा आवाज हळूहळू बसतो. मग ती त्याच्याकडे वळते. तेव्हाच तो वाक्य म्हणतो. एकही शब्द न बदलता माफी दोघांची झाली, आणि सभेत जो माणूस तिच्याबद्दल बोलू शकला नाही तो इथे तिच्यासाठी थांबायला शिकला. जो मान तिला न्यायसभेत मिळायला हवा होता तो इथे मिळतो. माझ्या वसंतसेनेला त्या रात्री 'मी कुठे होते' असं विचारावं लागलं नाही.

तिसरी हरकत, 'वधू' ही पदवी. हा शब्द नाटकात दोनदा येतो आणि पहिल्यांदा तो राजाकडून येत नाही. चौथ्या अंकात शर्विलक आपल्या प्रेयसीला, वसंतसेनेची दासी मदनिका हिला, दास्यातून सोडवायला चोरलेले दागिने घेऊन येतो. वसंतसेनेला सगळं कळलेलं असतं. ती पैसे न घेता मदनिकेला मोकळी करते, गाडीत बसवून पाठवते, आणि आता तूच वंदन करण्याजोगी झालीस, असं तिला म्हणते. शर्विलक मदनिकेला म्हणतो, हिला डोकं टेकवून नमस्कार कर, हिच्यामुळे तुला 'वधू' या शब्दाचा दुर्मिळ पदर मिळाला. आणि शेवटच्या अंकात नव्या राजाचा निरोप घेऊन वसंतसेनेवर तोच पदर घालतो कोण? हाच शर्विलक. तिनं जे आधी दिलं ते तिच्याकडे परत आलं. हे प्रेक्षकांना कळायचं तर चौथ्या अंकातला मदनिकेचा निरोप ठेवायलाच हवा, आणि दोन्ही वेळी पदर एकच हवा, एकाच रंगाचा, शर्विलकाच्या हातातला. चौथ्या अंकात मदनिका निघते त्या वेळी मागे जी चार-सहा सुरांची पट्टी वाजवाल तीच शेवटी वाजवा. राजाची मेहेरबानी हा विचार मग मागे पडतो.

तरी एखादी मुलगी म्हणेल, पदर कशाला, तिला तशीच राहू द्या. तिला तालमीत हे मांडू द्या. माझ्या मते पदर डोक्यावरून ओढून चेहरा झाकायची गरज नाही, खांद्यावर ठेवला तरी पुरतो. हा निर्णय तुमच्या वसंतसेनेवर सोडा.

धूतेबद्दल एकच. ती अग्निप्रवेश करायला निघते, तो प्रसंग मूळ लेखकाचा नाही, मागाहून आला, असं काही अभ्यासक मानतात. मी तो काढतो. पण तिनं वसंतसेनेला बहीण म्हणून जवळ घेणं ठेवतो. याच बाईनं आधी, घरातून वसंतसेनेची ठेव चोरीला गेली तेव्हा, माहेरची रत्नमाळ नवऱ्याची अब्रू राखायला काढून दिली होती. ती काही न बोलता मोठी होत जाते. तिला निदान दोन ओळींचं पद हवं होतं, असं मला नेहमी वाटतं. तुमच्याकडे कानबाईच्या गाण्याच्या चालीवर लिहिणारं कुणी असेल, तर माळ काढून देताना दोन ओळी लिहून घ्या.

हे सगळं आपल्या भागात का महत्त्वाचं वाटतं तेही सांगतो. आपल्याकडे यात्रेतला तमाशा सगळ्यांनी पाहिलेला असतो. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. फडावरच्या बाईच्या गाण्याला शेतकरी, व्यापारी, मास्तर सगळे दाद देतात. आमच्या दुसऱ्या प्रयोगात वसंतसेना करणाऱ्या ताई तमाशाच्या घराण्यातल्या होत्या, आवाज असा की माइक नको. तालुक्याच्या गावी प्रयोगाच्या आदल्या रात्री त्यांना ज्या घरी उतरायचं ठरलं होतं, त्या घरानं ऐनवेळी नकार दिला. दुसऱ्या दिवशी तेच कुटुंब पुढच्या रांगेत बसून त्यांच्या पदाला वन्समोअर देत होतं. ताई मला म्हणाल्या, "दादा, मला टाळी नको, पाणी द्या." मी तेव्हापासून न्यायसभेतल्या चारुदत्ताला ही गोष्ट सांगतो आणि मगच तालीम सुरू करतो. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या बालगंधर्वांनी वसंतसेना रंगवली, लोकांनी ती डोक्यावर घेतली. रंगमंचावरची वसंतसेना आपण पूर्वीपासून स्वीकारत आलोय. विंगेतून बाहेर पडलेली अजून जड जाते.

तेव्हा शेवट बदलू नका, असं माझं मत. वेळ वाचवायचा तर जुगाऱ्यांचा प्रवेश, वसंतसेनेच्या वाड्याची वर्णनं आणि पुढे राजा होणाऱ्या आर्यकाच्या पलायनातला बराच भाग आटोपता येतो. पुढे भिक्षू होणाऱ्या संवाहकाचं दहा मोहरांचं कर्ज तिनं फेडलं एवढं मात्र कुणाच्या तरी तोंडून कळू द्या, नाहीतर पाचोळ्यातून तिला वाचवणारा भिक्षू कुठून आला ते कळत नाही. तो भिक्षू तिला हात लावत नाही, वेल वाकवून देतो आणि ती वेल धरून उठते, हे जरूर दाखवा. मातीची गाडी, मदनिकेचा निरोप, पावसातलं पद, न्यायसभेतली शांतता, आईची फिर्याद, मारेकऱ्यांची दिरंगाई आणि माळ, यातलं काहीही गाळू नका. पदं सहा-सात पुरतात. 'रजनिनाथ हा' चांगला गळा असेल तरच ठेवा.

गाडीचं शेवटचं. थर्माकोलची करू नका, दागिने पडले की तिचा आवाज येत नाही. कुंभाराकडून खरी करून घ्या, कच्ची आणि भाजलेली अशा दोन, कारण तालमीत एक फुटणारच. पोळ्यासाठी मातीचे बैल करताना त्यांचा हात त्या मापाला बसलेला असतो, तेव्हाच सांगून ठेवा. आणि रोहसेनाचं काम करणाऱ्या पोराला ती पहिल्या दिवसापासून घरी खेळायला द्या.